कोमट बुश

अप्पा, सोळा रॉकर लोखंडी प्लेटीवर मांडून ठेवलेत आणि ते अजून गरम आहेत. दीड तास हात लावायचा नाही. दीड तास मी आयुष्यात कधी नुसती बसलेली नाही, तुम्हाला माहीत आहे. चहा करून प्याले, जमीन झाडली, लेथखालचा कीस भरून टाकला, आणि घड्याळात बघते तर वीस मिनिटं. बाहेर पायरीवर तुमची नात माझ्याकडं पाठ करून बसलीय, बोलत नाही. म्हणून कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. चौथीतनं शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, आहे तसं आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्या सुनेनं तुम्हाला एक चिठ्ठी लिहिली नाही, एका भिंतीआड राहणाऱ्या सासऱ्याला चिठ्ठी कोण लिहितं? आता जाऊन अठरा वर्षं झाली, आणि आज बसल्या जागी तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. दुसरं कोण समजून घेणार? तुमच्या मुलाला सांगितलं तर म्हणेल, एवढंसं तर आहे, चालतंय की. त्याचं कचेरीत सगळं चालतं.

काम काय आहे ते सांगते. नवनगरातल्या एका कंत्राटदाराची शर्यतीची गाडी आहे. गाडी म्हणजे नुसता सांगाडा, आत एकच सीट, आणि पुढं आठ सिलिंडरचं परदेशी इंजिन. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की सुटायचं, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. आणि ती गाडी चालवणार तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा सहा वर्षांची होती, तुमच्या मांडीवर बसून नट-बोल्ट वेगळे करायची, तीच. धारवाडात सप्तापूरला खोली घेऊन इंजिनिअरिंग केलं, आणि नोकरी शोधायची सोडून या गाडीच्या मागं लागली. दोन वर्षं हात काळे केले तेव्हा कुठं मालकानं सीटवर बसवलं. उद्या सकाळी ट्रकवर गाडी चढणार, उद्या सराव, परवा शर्यत.

रॉकर तुमच्या वेळेलाही होतेच. बागेत पोरं वरखाली बसतात त्या फळीसारखा तो, एका टोकाला खालून धक्का बसतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं, आणि मधल्या पिनेवर सगळा झोका. या इंजिनात त्या पिनेभोवती सुयांसारख्या बारीक सळ्यांचं बेअरिंग असतं. रोजच्या गाडीला ठीक. शर्यतीत इंजिन किंचाळायला लागलं की त्या सळ्या सुटतात, आणि एकदा सुटल्या की तेलाबरोबर इंजिनभर फिरतात, मिळेल ते खरवडत. म्हणून शहाणी माणसं ते बेअरिंग काढून तिथं ब्राँझचा बुश बसवतात, जाड कड्यासारखा. नात मला हे कॉम्प्युटरवर चित्र काढून समजावत होती. मी म्हटलं, थांब, हे तर तुझ्या आजोबांचं काम. पंपाला, टेम्पोला, पिठाच्या गिरणीला जन्मभर दुसरं काय केलं त्यांनी? ती म्हणाली, म्हणूनच तुझ्याकडं आणलंय. बाहेरनं तयार मागवले तर महिना लागतो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोळा बुश कातले. एकेक प्रेसखाली रॉकरमध्ये दाबला. दाबल्यावर बुश आखडतो, म्हणून भोक मग रीमर फिरवून मापात आणायचं, पिन आणि बुश यांच्यात एक थाऊ मोकळं राहिलं पाहिजे. इंचाचा हजारावा भाग. तुम्ही म्हणायचा, डोक्याचा केस तीन थाऊ, त्यातला एक दे, जास्त देऊ नको आणि कमी तर मुळीच देऊ नको. बारा बुश मी तसेच केले, रीमर फिरवायचा, बाजूला ठेवायचा, पूर्ण थंड झाला की मोजायचा. बुधवारी दुपारी चार राहिले होते. लाईट सारखी जात होती, मालकाच्या मेकॅनिकचे दोनदा फोन येऊन गेले, नात दारात गाडीची किल्ली खुळखुळवत उभी. ते चार मी रीमर काढल्या काढल्या मोजले. एक थाऊ, एक थाऊ, चारही बरोबर. ताट तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "आई, तव्यावरनं काढलेस काय हे? कोमट आहेत अजून." मी हसले. खरंच हसले, अप्पा.

आज सकाळी पहिली भाकरी तव्यावरनं उतरवली आणि माझा हात तिथंच थांबला. गरम असताना भोक मोठं असतं. थंड झालं की आवळतं. हे मला तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! मी तवा तसाच ठेवून फोन लावला.

"रॉकर काढ."

"काय?"

"शेवटचे चार काढ. नको, सगळे काढ. कुठले चार ते आता तुला कळायचं नाही आणि मलाही नाही."

"आई, इंजिन कधीच जोडून झालंय. काल दोनदा चालू केलं, आत्ता मालकाला ऐकवायला परत चालू केलंय. लोण्यासारखं चालतंय."

"उभ्या गाडीचं लोण्यासारखंच चालतं. मी ते गरम मोजलेत."

ती म्हणाली, "किती फरक पडेल?"

"अर्धा थाऊ."

"अर्धा थाऊ! केसाचा सहावा भाग!"

"केसाचा हिशेब मला शिकवू नकोस."

मग तिचा आवाज खाली आला. मालक तिथंच कुठंतरी असणार. म्हणाली, "तुला कळतंय का मी काय सांगू त्याला? बेळगावचा एक मुलगा दोन महिने हेल्मेट घेऊन बसलाय. मुलीला गाडी दिली म्हणून आधीच सगळे बोलतात. आता काय, आईनं बुश केले, लेकीनं बसवले, आणि आईच म्हणतेय उघडा?"

"मग मी सांगते त्याला."

"नको. तू सांगितलंस तर भांडण होईल."

ते खरं आहे. तिनं फोन ठेवला. तासाभरात ती दारात आली, सोळा रॉकर जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्यात भरलेले, डब्याला हात लावला तर चटका. गरम इंजिनातनं काढून सरळ आणले होते. "घे. मोज आणि दे," म्हणाली, "सहापर्यंत परत बसवले पाहिजेत." मी म्हटलं, थंड होऊ देत. तिचे डोळे भरले, रडायला नाही, रागानं. "आई, आता तरी घाई कर की! बाकी सगळ्या जन्माची घाई तुला, आणि आजच नाही?" मी म्हटलं, गरम मोजले म्हणूनच ही वेळ आली. तेव्हापासनं ती पायरीवर आहे.

मला भीती कसली आहे ते तिला सांगितलेलं नाही. बुशनं पिन धरली तर रॉकर मोडतो, व्हॉल्व्ह उघडा राहतो, खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो, आणि इंजिन जागच्या जागी गच्च. इंजिन गच्च झालं की मागची चाकं गच्च. तेवढ्या वेगात मागची चाकं धरली तर गाडी कुठं जाईल, याचं चित्र सकाळपासनं माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. इंजिनिअर आहे. पण ती तेवीस-चोवीस वर्षांची आहे, आणि त्या वयात गाडी उलटते ती दुसऱ्याची.

मी लग्न होऊन हुबळीत आले तेव्हा अशीच होते, जीभ पुढं आणि डोकं मागं. कराडकडची मुलगी, कन्नडाचा एक शब्द येत नव्हता. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत तुमचं घर, पुढं लेथ, मागं स्वयंपाकघर, मधे एक भिंत, आणि दिवसभर त्या भिंतीतनं घरघर. तुमचा मुलगा नोकरीला चिकटला होता आणि लेथकडं फिरकत नव्हता. तुमच्या डोळ्यांत साखर उतरलेली. हातानं सगळं करायचा, पण मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. एक दिवस मला हाक मारलीत, "पोरी, जरा इकडं ये, एवढा आकडा सांग." शब्द माझे अडखळायचे, आकडे नाही. मग रोज हाक यायला लागली. मग नुसता आकडा सांगून भागेना, म्हणालात, हँडल धर, मी ऐकतो. तुम्ही कानानं काम करायचा.

तो पहिला दिवस आठवतो का? मी पदर खोचून हँडल फिरवतेय, तुम्ही डोळे मिटून शेजारी उभे. आणि एकदम ओरडलात, "तडी! तडी!" मी म्हटलं, हे म्हणतायत तडीला ने. मी नेलं तडीला. हत्यार सरळ काम धरणाऱ्या फिरत्या चकवर जाऊन आदळलं, ठिणग्या उडाल्या, टोक मोडून कुठं गेलं ते अजून सापडलेलं नाही.

"अगं तडी म्हटलं ना!"

"म्हणून तर नेलं तडीला!"

"तडी म्हणजे थांब! कन्नडात तडी म्हणजे थांब!"

"मग मराठीत ओरडा की!"

"घाईत मला कन्नडच येतं."

"आणि मला घाईत मराठीच कळतं."

ड्रिलवरचे दोघं कामगार हसून हसून खाली बसले. तुम्हीसुद्धा हसलात, भिंतीला हात टेकून. पुढं कित्येक महिने गल्लीत माझं नाव तडीअक्का. चहावाला कप ठेवताना विचारायचा, अक्का, तडी की बेगी? थांबू की लवकर आणू? मी त्याला काय काय बोलायची ते इथं लिहीत नाही.

पण शिकवलंत तुम्ही. "बिशी ऐति, तडी." गरम आहे, थांब. दिवसातनं वीस वेळा. भाकरी फुगली का हे जसं हातानं बघतेस तसं गोल हातानं बघ, म्हणायचा, पण माप घ्यायचं ते गार झाल्यावर. खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं, आणि मग एक लांबट डबी माझ्या हातात दिलीत. आत नवा मायक्रोमीटर, मखमलीत. सासूबाई दारातनं बघत होत्या. म्हणाल्या, "सुनेला सणाला कुणी हे देतं का? गळ्यात घालायचाय तिनं?" तुम्ही म्हणालात, "लुगडं फाटतं." मी नंतर मोरीत जाऊन रडले. मला सणाला असं स्वतःचं म्हणून कुणी काही दिलंच नव्हतं.

आता ते सांगते जे सांगायचं राहिलंय. तो टेम्पो. त्याचे रॉकरचे बुश आपण केले होते. दुपारची वेळ, शेवटचा बुश माझ्या हातात, आणि पोरीची बालवाडी सुटायला पाच मिनिटं. तुम्ही विचारलंत, "थंड आहे का?" मी म्हटलं, आहे. आणि आकडा सांगितला, आणि चपला घालून पळाले. तो थंड नव्हता, अप्पा. बोटाला लागत होता. आठवडाभरात तो टेम्पो अळणावरच्या रस्त्यावर भर उन्हात बंद पडला, मालासकट, आणि ड्रायव्हर दोन कोस चालत गेला. मालक दारात येऊन ओरडला. मी भिंतीपलीकडं भात उतरवत होते, एकेक शब्द ऐकू येत होता. आंधळ्या मेस्त्रीकडं काम दिलं हीच माझी चूक, म्हणाला तो. आणि तुम्ही म्हणालात, "चूक माझी. मीच मोजला होता."

मला वाटलं, आता आत येऊन मला विचारतील. तुम्ही हात धुतलेत, पाटावर बसलात, ताक मागितलंत. मी वाढलं. तुम्ही जेवलात. दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहिलो, मी बुश काढला, आणि तुम्ही नेहमीसारखं "थंड आहे का" विचारलं नाहीत. हात पुढं केलात, बुश घेतलात, आणि गालाला लावून बघितलात. मग परत दिलात. त्या दिवसापासनं शेवटपर्यंत प्रत्येक बुश तुम्ही गालाला लावलात, आणि तो प्रश्न मला परत कधी विचारला नाहीत. त्यापेक्षा चार माणसांत थोबाडीत मारली असतीत तर मी विसरले तरी असते.

दीड तास झाला. जाते.

परत आले. काय झालं ते लिहिते.

मी बरोबर मापाची एक पिन कातून ठेवली होती. तिला तेल लावायचं, रॉकर उभा धरायचा आणि पिन भोकात सोडायची. बरोबर असेल तर आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरते, काकवी ओतल्यासारखी. हा तुमचाच कायदा. नात आत येऊन माझ्या खांद्यामागं उभी राहिली. पहिला उतरला. दुसरा. तिसरा. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. दहा झाले. मला वाटायला लागलं की उगीच केलं, पोरीची गाडी घालवली मी, केवळ एका भाकरीवरनं. अकराव्याला पिन अर्ध्यात थांबली. मी टिचकी मारली. हलली नाही. पुढचे तीन उतरले. पंधरावा परत अडला. शेवटचा उतरला.

"दोन," ती म्हणाली.

"दोन."

तिनं तो अकरावा रॉकर हातात घेतला, अडकलेली पिन अंगठ्यानं दाबून बघितली. "हा शर्यतीत धरला असता?"

"धरला असता की नसता, मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं तिथंच उभं राहून मालकाला फोन लावला. "दोन घट्ट निघाले. हो. नाही, इंजिनाला काही नाही. आमचंच चुकलं." आईचं चुकलं म्हणाली नाही. आमचं म्हणाली. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. संध्याकाळपर्यंत बसवा, ट्रक थांबणार नाही, उद्याचा सराव बेळगावचा करेल, परवाचं परवा बघू. तिनं फोन खिशात टाकला.

"परवाचं परवा बघू म्हणजे नाही."

"नाही असं कुठं म्हणाला तो?"

"आई, तुला माणसं मोजता येत नाहीत. बुश मोज."

मी रीमर हातात घेतला. ती दाराशी गेली आणि तिथनंच वळून म्हणाली, "एक सांग. गाडी मी चालवणार नसते, दुसराच कुणी असता, तर आज उघडायला लावलं असतंस?"

"लावलं असतं. काम ते काम."

ती चहा सांगायला बाहेर गेली.

अप्पा, हे पान पाठवायचं कुठं? पाठवता आलं असतं तर लिहिलंच नसतं, म्हणून पुढचंही लिहून टाकते. नसतं लावलं. भाकरी उतरवताना आठवलं असतं, आणि मी दुसरी भाकरी थापली असती. आणि एवढंच नाही. उद्या त्या सीटवर बेळगावचा पोरगा बसणार हे ऐकल्याबरोबर सकाळपासनं छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि त्याच्याबरोबर माझा हातही सैल पडला. अकराव्यात रीमर फिरवला, काढला, आणि काढल्या काढल्या, गरम असतानाच, पिन सोडली. सरसर उतरली. बरोबर आहे, म्हणून मी पंधरावा उचललासुद्धा. त्या पोरालाही घरी कुणी असेल, हे मला आपणहून वाटलं नाही. आठवावं लागलं. आता पंधराव्यातही रीमर फिरवून दोन्ही प्लेटीवर ठेवलेत आणि परत वाट बघतेय.